खोडदच्या तीस तबकड्या : या आणि पाहा

(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्माच्या व्यासपीठावर रेडिओ दुर्बीण कशाला, असे काहींना वाटेल. परंतु तथागतांनी आपल्या धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले, म्हणजे ये आणि पाहा. पाहण्याचे एक जगन्मान्य साधन आपल्याच जिल्ह्यात उभे आहे. पुण्याहून नाशिक रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगाव आणि तेथून आत खोडद. हा जुन्नर तालुका. याच तालुक्यात आपल्या पूर्वजांनी डोंगर कोरून लेणी केली, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दान दिल्याचा लेख तेथे आजही आहे. त्याच परिसरात आज ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जीएमआरटी, ती हीच.

आपली मुले दहावीनंतर विज्ञानाला घाबरतात, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. इंग्रजी शब्दांची भिंत पाहूनच ती मागे फिरतात. म्हणून आज आम्ही ते शब्दच एकेक करून उलगडणार आहोत.

पहिला शब्द 'डिश', म्हणजे तबकडी. येथील प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. ती पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. जाळीतून लहरी निसटत कशा नाहीत? चाळणीतून पीठ जाते, गहू जात नाही, तसेच हे आहे. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आणि पकडायच्या लहरींची लांबी सुमारे २० सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. पोलादी दोरांवर जाळी ताणण्याची ही युक्ती डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. परदेशी नमुन्याची नक्कल न करता आपल्या ऐपतीत बसणारे यंत्र त्यांनी घडविले. ही दुर्बीण २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. २०२० साली डॉ. स्वरूप यांचे निधन झाले.

दुसरा शब्द 'फीड'. तबकडीवर पडलेल्या लहरी परतून एका बिंदूवर, म्हणजे नाभीवर, गोळा होतात. तेथे बसविलेला ग्राहक म्हणजे फीड. त्याला लागूनच 'लो नॉइज अॅम्प्लिफायर' असतो. येथे नॉइज म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. यंत्राची स्वतःची जी विजेची खळबळ असते, तिला नॉइज म्हणतात. ती कमीत कमी ठेवून संकेत मोठा करायचा, हे त्या अॅम्प्लिफायरचे काम.

संकेत मोठा का करावा लागतो? कारण तो अत्यंत क्षीण असतो. त्याच्या मापाला 'जान्स्की' म्हणतात. कार्ल जान्स्की हे अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचे अभियंते. समुद्रापलीकडील संभाषणात खरखर कशाने येते याचा शोध घेताना त्यांना आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या. १९३३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला किती वॅट? दशांश चिन्हानंतर २५ शून्ये लिहा आणि मग १ लिहा, इतके!

तिसरा शब्द 'कोरिलेटर', आणि हा सर्वांत महत्त्वाचा. एकट्या तबकडीला आकाश धूसर दिसते. ३० पैकी १४ तबकड्या मधल्या सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत, उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात. तिरकी येणारी लहर एका तबकडीला आधी भेटते, दुसरीला नंतर. तो 'डिले', म्हणजे उशीर, मोजून भरून काढतात आणि प्रत्येक जोडीचा मेळ घालतात. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. मग सारा संच मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या एकाच तबकडीइतका बारकावा दाखवितो. संघाचे बळ म्हणतात ते हेच.

चौथा शब्द 'कॅलिब्रेशन'. भाजीवाली माप घालण्यापूर्वी तराजूचा काटा दाखविते. खगोलशास्त्रज्ञही आधी माहितीच्या तेजाच्या स्रोताकडे दुर्बीण वळवून यंत्र तपासतात आणि मगच अज्ञाताविषयी बोलतात. कालाम सुत्ताची शिकवण याहून वेगळी आहे काय?

आकाशाचा व्यवहार सांगणारे दुसरेही लोक आपल्या दारात येतात. ते शनी-मंगळाचे भय दाखवितात, पण काटा दाखवीत नाहीत. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी तो काटा तपासला. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद, एवढेच ज्योतिषांना सांगायचे होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांपैकी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडविले असते तरी निम्मी बरोबर आली असती! तरीही पत्रिका जुळत नाही म्हणून आपल्याकडे चांगली स्थळे मोडतात. हे थांबले पाहिजे.

शेवटचा शब्द 'इंटरफिअरन्स', म्हणजे व्यत्यय. मोबाइल, विजेच्या तारेवरची ठिणगी, मोटारीचे स्पार्किंग, यांपुढे ताऱ्याचा संकेत बुडून जातो. म्हणून दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो. अशी शांतता जपली, म्हणूनच पल्सार नावाच्या ताऱ्यांची नियमित स्पंदने वर्षानुवर्षे मोजता आली. २०२३ साली विश्वातील गुरुत्वीय लहरींच्या सार्वत्रिक कंपनाचा पुरावा पुढे आला, त्यात खोडदच्या मापनांचाही वाटा आहे.

बंधू-भगिनींनो, हे काम केवळ पीएच.डी. झालेल्यांचे नाही. मोटारी, गिअर, वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक जाणणारे हात नसतील तर एकही तबकडी वळणार नाही. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. लेण्याद्रीच्या सहलीला जोडून मुलांना तेथे न्या. त्यांना प्रश्न विचारू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, त्यात आकाशाचे शिक्षणही आले.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!