रंगाच्या गुठळ्या का होतात?

गेरू पाण्यात चटकन कालवतो. तोच गेरू रॉकेलात घालून पाहा. गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. असं का?

आम्ही एकदा घरचे लोखंडी फाटक रंगवले. जवसाच्या तेलात गेरूची पूड एकदम ओतली, काठीने ढवळली आणि ब्रश चालवला. कुठे गुठळी बसली, कुठे नुसते तेल लागले. पावसाळ्यात तिथेच गंज धरला. पैसे पाण्यात गेले!

आता कारण ऐका. गेरूच्या कणाला पाण्याची ओढ असते. तेलाशी त्याचे जमत नाही. म्हणून तेलात कण एकमेकांनाच चिकटतात. कणाची आणि तेलाची सोयरीक जुळवायला मध्यस्थ लागतो. या मध्यस्थाला जणू डोके आणि शेपूट असते. डोके कणाला धरते, शेपूट तेलात राहते. प्रत्येक कणाभोवती अशा शेपट्या पसरल्या, की कण कणाला भिडत नाही.

सोयाबीनच्या तेलातून निघणारे लेसिथिन असा मध्यस्थ आहे. रंगाच्या कारखान्यांत ते वापरतात. जवसाच्या तेलातली थोडी आम्लेही हेच काम करतात. पण गुठळी फुटल्याशिवाय ती आतल्या कणापर्यंत पोचत नाहीत. आमची चूक तीच झाली.

तेव्हा पूड कोरडी ठेवा. आधी थोड्याच तेलात ती चांगली घोटा. दाट लगदा झाला, की मग हळूहळू तेल वाढवा. विकतच्या रंगात मध्यस्थ असला, तरी डबा तळापासून ढवळा. पुढचे फाटक आम्ही असेच रंगवले. रंग सारखा बसला.