फुकटच्या खेळाची किंमत



चार घरची माणसे एकत्र आली की बोलणे फिरून फिरून मुलांच्या मोबाईलवर येते. लग्नाची पंगत असो वा सोसायटीची सभा, मतेही ठरलेलीच असतात. कोणी म्हणतो, ‘या गेमपायी पिढी वाया गेली.’ दुसरा म्हणतो, ‘फुकट तर आहे, खेळू दे घटकाभर.’ तिसऱ्याला सरकारने एकदाची बंदी घालावी असे वाटते. चौथा म्हणतो, ‘जग कुठल्या कुठे गेले, मुलांच्या हातून मोबाईल काढून घेतला तर ती मागे पडतील.’ ही चारही मते तळमळीतूनच येतात आणि प्रत्येकात थोडेबहुत तथ्य आहे. परंतु कोणत्याही एका मतावर घर चालवता येत नाही. म्हणून ती एकेक करून पारखून घेतली पाहिजेत.

पहिले मत खेळाला दोष देते. खेळ आपल्या समाजाला कधीच वर्ज्य नव्हता. सारीपाट आणि सोंगट्या घरोघरी होत्या. फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्याच्या अंगणात फरशीवर आखलेला पच्चीसीचा पट आजही पाहावयास मिळतो. हाच खेळ थोडा सोपा होऊन १८९६ साली इंग्लंडमध्ये ‘लुडो’ या नावाने पेटंट झाला. २०१६ साली नवी मुंबईतील एका कंपनीने तो ‘लुडो किंग’ या नावाने मोबाईलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेले नातलग त्याच पटावर एकमेकांना भेटले. तेव्हा पडद्यावर खेळला म्हणून कोणताही खेळ वाईट ठरत नाही.

मात्र खेळाचे व्यसन केव्हा होते, हेही आपल्या पूर्वजांनी पुरते ओळखले होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यातील जुगारी मनाशी ठरवतो की आता खेळावयाचे नाही. पण फाशांचा आवाज कानी पडताच पावले तिकडे वळतात. घरी पत्नी आणि माता झुरत असतात, तरी तो थांबत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. त्याची लक्षणेही तीच आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ मोठा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे. हे निदान करताना ही अवस्था साधारणतः वर्षभर टिकलेली असावी लागते. तेव्हा तासभर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी म्हणणे अन्यायाचे आहे आणि वर्षभर हरवलेल्या मुलाकडे ‘वय आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे घातक आहे.

दुसरे मत फुकटाचे. ॲपलचे ॲप स्टोअर २००८ च्या जुलैमध्ये सुरू झाले. २००९ च्या ऑक्टोबरपासून फुकटच्या ॲपमध्येही आतल्या आत वस्तू विकण्याची मुभा मिळाली आणि या धंद्याचे गणित पालटले. गेम मोफत, नाणी, पोशाख, शस्त्रे आणि वाढीव आयुष्य मात्र विकत! जो पैसे देत नाही तो जाहिराती पाहतो, म्हणजे वेळ मोजतो. काही खेळांत तर बंद पेटी विकत घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर असते. २०१८ साली बेल्जियमच्या जुगार नियंत्रकांनी अशा काही पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असे ठरवले.

अमेरिकेतील व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या कंपनीबाबत २०२२ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलेली तडजोड तर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. एकंदर रक्कम ५२ कोटी डॉलर. पैकी साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करावयाचे. आयोगाचा आक्षेप असा की, बटणांची मांडणीच अशी गोंधळाची होती की एका स्पर्शासरशी नको ती खरेदी व्हावी. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नमूद करून ते निषिद्ध ठरवले. खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला खजील करणे, वर्गणीतून सुटकेची वाट अवघड करणे, हे त्यांतले काही. एका बाजूला अकरा वर्षांचे मूल आणि दुसऱ्या बाजूला मनाचे बारकावे जाणणारे शेकडो कुशल तंत्रज्ञ, असा हा सामना आहे. तो हरलेल्या मुलाला ‘तुझ्यात निग्रहच नाही’ असे ऐकवण्यात कोणता न्याय?

तिसरे मत बंदीचे. देशाच्या सुरक्षेसाठी २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली. सुरक्षेपुरता तो निर्णय योग्यच होता. पण सवयीचे काय झाले? जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स. बोट पूर्वीसारखेच वर सरकत राहिले. त्याच सप्टेंबरमध्ये पबजी बंद झाला. २०२१ च्या जुलैमध्ये तो नव्या नावाने अवतरला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. कैक संसारांना कर्जात लोटणाऱ्या या धंद्याला कायद्याचीच वेसण हवी होती. तथापि कायदा कंपनीला आवरू शकतो. रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी ठेवलेला मोबाईल उचलून कपाटात ठेवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

चौथे मत मागे पडण्याच्या भीतीचे. यंत्र वापरणे आणि यंत्राने आपल्याला वापरणे, यांतील भेद येथे जाणला पाहिजे. मोबाईलवर परभाषा शिकणारे, चित्र काढणारे वा स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिणारे मूल पुढेच जाईल. रील सरकवणे मात्र दोन वर्षांच्या बाळालाही जमते. ती कला न आल्याने कोणाची नोकरी हुकल्याचे ऐकिवात नाही.

या चारही मतांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा प्रत्येक जण मोठा आहे आणि बोलणे सारे मुलांविषयी आहे. बाबांचा शेअर बाजार, आईचे व्हॉट्सॲप, आजी-आजोबांच्या मालिका यांचा हिशेब कोणीच मांडत नाही.

तो हिशेब एका गावाने मांडला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी, टाळेबंदीतील ऑनलाईन शाळेनंतर मुलांच्या हातून मोबाईल सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर गावाने निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजावयाचा आणि घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद व्हावयाचे. साडेआठला दुसरा भोंगा. आरंभी पुरुषांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढे महिलांची सभा भरली. आपण मालिका फार पाहतो, हे त्यांनी मोकळेपणी मान्य केले आणि निर्णयाला बळ आले. तरीही पंचायतीच्या माणसांना काही दिवस घरोघर फिरून सांगावे लागलेच.

वडगावने मोबाईल मोडून टाकला नाही. त्याला दीड तास गप्प बसवले. आणि तो लहानथोर सर्वांसाठी गप्प बसवला. मुलांनी ते मानले याचे मर्म येथे आहे. वडील स्वतः पडद्यात डोके घालून ‘अभ्यास कर’ म्हणतात तेव्हा मूल शब्द ऐकत नाही, वागणे पाहते.

शहरातल्या घरावर भोंगा नसतो, घड्याळ तर असते. घरातील सर्वांनी बसून एक वेळ ठरवावी आणि त्या वेळेत सगळे मोबाईल एका जागी ठेवावेत, मोठ्यांचे आधी. मुलांच्या हाती जाणाऱ्या मोबाईलमध्ये कार्डाचा क्रमांक साठवून ठेवू नये, पैसे देण्याचा पिन त्यांना सांगू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोकळा झालेला तास रिकामा ठेवू नये. रिकाम्या तासात मोबाईल पुन्हा शिरतो. मैदान, पुस्तक, पट, गाणे, शुभंकरोती, दिवसभराच्या गप्पा, ज्या घरी जे रुचेल ते असावे. पहिले आठ दिवस जड जातील, आणि मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक जड जातील. तेवढे आठ दिवस मोठ्यांनी निभावून नेले, तर मुलांना वेगळा उपदेश करण्याची वेळ क्वचितच येईल.