पान उघडतं कुणाच्या हातात?

(वेबसाइट तयार करायला शिकणाऱ्या मुलींच्या वर्गाच्या समारोपाला सोलापुरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी तुमच्या विषयातली नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि घरात मार खाणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या बायांबरोबर काम करते. मग वेबसाइटच्या वर्गात माझं काय काम? एवढंच, की तुम्ही बांधलेलं पान ज्या बाईच्या हातात उघडेल, तिला मी ओळखते. तिच्यासाठी पान बांधताना कोणती फुकट मिळणारी साधनं उपयोगी पडतात, ते आज बोलू या.

ही बाई आपल्या पूर्व भागात राहते. विड्या वळते. घरात तेलुगू बोलते, मराठी वाचते पण सावकाश. फोन तिचा नाही, मुलाचा किंवा नवऱ्याचा आहे. दुपारी दहा मिनिटं तो तिच्या हाती लागतो. काच तडकलेली, नेटपॅक संपत आलेला. ती टाइप करते, ‘नवरा मारतो, काय करावं’. या दहा मिनिटांत तुमचं पान तिच्या उपयोगी पडलं पाहिजे.

पहिली गोष्ट, पान सापडलं पाहिजे. आपल्याकडे पत्रकं, अहवाल वर्षानुवर्षं श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप झाले. कागदावर ते छान दिसतात. पण त्या जुन्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो मजकूर तसाच पानावर टाकला तर दुसऱ्याच्या फोनवर अगम्य खुणा दिसतात, आणि शोधणाऱ्याला तो सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणून जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठीची रूपांतराची साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

फॉन्ट विकत घ्यायला नको. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ आहे. ‘नोटो’मध्ये देवनागरीबरोबर तेलुगू आणि कन्नडही मिळते. आपल्या शहराला तिन्ही लागतात. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची ‘एम आर’ ही खूण घालायला विसरू नका. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळा लिहिला जातो. ज्या फॉन्टात ती सोय असते, तिथे या खुणेमुळे आपली अक्षरं आपल्या वळणाची उमटतात. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही त्यामुळे कळतं की हे मराठीत वाचायचं आहे.

दुसरी गोष्ट, वाचता आलं पाहिजे. बायकांसाठी पान म्हटलं की फिकट गुलाबीवर पांढरी अक्षरं, हे कुणी ठरवलं कोण जाणे! वेबएम या संस्थेचा रंग तपासणारा एक साधा तक्ता आहे. अक्षराचा आणि मागचा रंग त्यात घातला की दोघांतला फरक आकड्यात कळतो. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी तो किमान साडेचारास एक हवा, असा वेबच्या सुलभतेचा संकेत आहे. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं तीनालाही पोचत नाहीत. उन्हात, तडकलेल्या काचेवर ती दिसणारच नाहीत.

तिसरी गोष्ट, वजन. फोनवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असू शकतो. कार्यक्रमाचे असे दहा फोटो टाकले की त्या बाईचा नेटपॅक आपणच खाल्ला. ‘स्क्वूश’ नावाचं साधन फोटो हलका करून देतं, आणि ते काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो कुणाकडे जात नाही. मग गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये पानाचा पत्ता घाला. साध्या फोनवर पान किती वेळात उघडतं आणि कशामुळे अडतं, ते कळतं.

चौथी गोष्ट फोन नंबरची. एका पानावर मदतीचा नंबर सुंदर चित्रात गुंफलेला मी पाहिला. त्यावर बोट ठेवून फोन लागेना. बाईने तो लिहून कुठे घ्यायचा? नंबर अक्षरांत लिहा आणि दाबताच फोन लागेल असा ठेवा. १८१ ही महिला हेल्पलाइन, ११२ तातडीच्या मदतीसाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी, हे पानाच्या अगदी वर यावेत. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे, आणि १९८७च्या कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. हे चार ओळींत सांगा. संस्थेचा इतिहास खाली गेला तरी चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर मराठीत आणि तेलुगूत बोलून ठेवा. ‘एनव्हीडीए’ हा पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट आहे. डोळे मिटून आपलं पान एकदा त्याच्याकडून ऐका, कुठे अडखळतं ते लगेच कळेल.

आता पाचवी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. बाई वाचत असताना नवरा मागे येऊन उभा राहिला तर? ब्रिटन सरकारच्या वेबसाइटी बांधणाऱ्यांनी २०२३मध्ये ‘या पानावरून बाहेर पडा’ असं बटण सर्वांसाठी खुलं केलं. ते दाबलं की क्षणात हवामानासारखं एखादं साधं पान समोर येतं. त्याची रचना आणि कोड पाहून तसं बटण तुम्हाला बांधता येईल. पण त्याच्या जवळच स्पष्ट लिहा की या बटणाने फोनमधली नोंद पुसली जात नाही. ‘हिस्ट्री’ कशी पुसायची, खासगी खिडकी कशी उघडायची, हे पायऱ्या मांडून सांगा. खोटा दिलासा मिळाला तर ती बेसावध राहील आणि मार तिलाच बसेल.

त्याच कारणाने फॉर्ममध्ये नाव, पत्ता, जात, नवऱ्याचं नाव असलं काही गरज नसताना विचारू नका. विचारलंत तर ते जपण्याची जबाबदारी तुमची. ‘कधी फोन केला तर चालेल?’ हा प्रश्न मात्र जरूर ठेवा. मदत घ्यायला आलेल्या बायांचे फोटो पानावर नकोत. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला तर साडीच्या दुकानाचं, मंगल कार्यालयाचं काम मिळणार आहे. मिळू दे, हीच साधनं तिथेही लागतील. सापडणारं, हलकं, वाचता येणारं पान दुकानदारालाही हवं असतं. आणि एक सांगते, साधन फुकट आहे म्हणून तुमची मेहनत फुकट नाही. ‘पोरगी घरबसल्या करते’ म्हणून निम्मे पैसे देणारे भेटतील. घरबसल्या विड्या वळणाऱ्या बायांचे श्रम कसे मोजले गेले, हे सोलापूरच्या मुलींना मी काय सांगावं? तास लिहून ठेवा, दर आधी ठरवा, अर्धी रक्कम आगाऊ घ्या.

साधनं आकडे देतात. पान किती जड आहे, रंग किती फिके आहेत, हे ती सांगतील. पान कुणाच्या हातात उघडणार आहे, ते त्यांना ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. म्हणून प्रत्येक पान पूर्ण झालं की ते आपल्या आईला, शेजारच्या मावशीला तिच्याच फोनवर उघडून द्या आणि स्वतः गप्प बसा. तिचं बोट कुठे थांबतं, तेवढं बघा. कामाला तिथून पुन्हा सुरुवात करा.