मी तर बारीक, मग मला शुगर कशी?

इअरफोन लावून बसमध्ये असाल, नाहीतर घरी कपड्यांच्या घड्या घालत असाल, काही हरकत नाही. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आजचा विषय आहे गरोदरपणातला मधुमेह, आणि त्यात आपल्या अंगातल्या चरबीचा हात.

माझ्यापासूनच सुरुवात करते. सहावा महिना संपत आला होता. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त दिलं, साखर आली १६२. डॉक्टर म्हणाल्या, जेस्टेशनल डायबेटिस. पुढच्याच आठवड्यात डोहाळजेवण होतं. तिथे एक काकू म्हणाल्या, "अगं, काडीसारखी तर आहेस, तुला कसला डायबेटिस?" दुसऱ्या म्हणाल्या, "आंबे कमी खाल्लेस का? आता भोग." मला दोन्ही खरं वाटायचं. दिवसा वाटायचं, रिपोर्टच चुकलाय. रात्री वाटायचं, मीच माझ्या बाळाचं नुकसान केलं. खरं तर दोन्ही चूक होतं. कसं, ते सांगते.

आपण समजतो की चरबी म्हणजे गोदाम. जास्त झालं की तिथे साठतं, बस. पण १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला चरबीतून निघणारं एक हार्मोन सापडलं. त्याचं नाव लेप्टिन. ते मेंदूला सांगतं, "साठा पुरेसा आहे." पुढच्याच वर्षी आणखी एक सापडलं, अ‍ॅडिपोनेक्टिन. म्हणजे गोदाम नुसतं माल साठवत नाही, ते दिवसभर सगळीकडे निरोपही पाठवत असतं!

यातलं अ‍ॅडिपोनेक्टिन आपल्या बाजूचं. ते यकृताला सांगतं, रक्तात जास्त साखर सोडू नकोस. स्नायूंना सांगतं, इन्सुलिनचं ऐका. गंमत बघा, ते चरबीच बनवते, पण चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की ते कमी होतं. उलट लेप्टिन चरबीबरोबर वाढत जातं. शिवाय फुगलेल्या चरबीतून टीएनएफ-अल्फासारखे दाह वाढवणारे पदार्थ निघतात. ते पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप अडवतात.

आता यात गरोदरपण आणा. बाळाला साखर सतत मिळायला हवी, म्हणून आईचं शरीर मुद्दाम इन्सुलिनकडे थोडं दुर्लक्ष करायला लागतं. हे वारेतून येणारी हार्मोन्स घडवतात. वार स्वतःही लेप्टिन बनवते, त्यामुळे त्याची पातळी दोन-तीन पट होते. अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र महिने जातील तसं घसरतं. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम साधारण निम्म्यावर येतो. मग स्वादुपिंडाला दुपटीच्या आसपास इन्सुलिन बनवावं लागतं. ज्यांना ते जमतं, त्यांची साखर नॉर्मल राहते. ज्यांचं स्वादुपिंड तिथे कमी पडतं, त्यांना हा मधुमेह होतो.

आणि महत्त्वाचं म्हणजे, ज्या बायकांमध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीलाच अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असतं, त्यांना पुढे हा मधुमेह होण्याची शक्यता जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे आंबा समोर यायच्या आधीच निम्मी गोष्ट लिहून झालेली असते. वय, घरातला मधुमेह, पीसीओएस, हेही त्यात आलंच.

ठीक आहे, पण मग बारीक असणाऱ्यांचं काय? याचं उत्तर आपल्या पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हे कळत नाही. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचा अभ्यासही याज्ञिकांच्या गटाने केला. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. म्हणजे 'काडीसारखी' दिसणारी मी आतून वेगळी असू शकते. मला हे कळलं तेव्हा रडूच आलं, पण सुटल्यासारखं वाटून.

मग करायचं काय? अ‍ॅडिपोनेक्टिनची टेस्ट शोधत फिरू नका, ती रोजच्या वापरातली नाही. साधी टेस्ट पुरते: ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त, १४० किंवा जास्त आलं तर निदान. आपल्याकडच्या सरकारी सूचनांप्रमाणे ती पहिल्या भेटीतच करायची, आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. उपाशीपोटी जायची गरज नाही. बारीक आहात म्हणून टाळू नका.

निदान झालं तर उपाशी राहू नका, गरोदरपण ही वजन उतरवायची वेळ नव्हे. भात थोडा कमी करून डाळ, उसळ, भाजी वाढवायची. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर जेवणानंतर चालायचं, कारण चालणारे स्नायू इन्सुलिन फारसं नसलं तरी साखर ओढून घेतात. बऱ्याच जणींचं एवढ्यात भागतं. काहींना औषध किंवा इन्सुलिन लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

आता माझी चूक सांगते. मुलगी झाली, साखर उतरली, मी विसरले. सहा आठवड्यांनी करायची टेस्ट केली तब्बल दीड वर्षाने. प्रीडायबेटिस निघाला. वार गेली, तिची हार्मोन्स गेली, पण चरबी आणि तिचे निरोप तिथेच होते. ज्यांना हा मधुमेह होऊन गेलाय, त्यांना पुढे टाइप टू होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. मी आता रोज चालते, वजनं उचलते आणि दरवर्षी रक्त तपासते.

तेव्हा आजचा गृहपाठ एवढाच. तुमच्या बहिणीला, वहिनीला, मैत्रिणीला गरोदरपणात शुगर होती का, आठवा. असेल तर तिला आजच मेसेज करा: "नंतरची टेस्ट केलीस का गं?" आणि "आंबे कमी खायचे होतेस" असं मात्र म्हणू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!