हनुवटीवरचा मार



शस्त्रक्रियेवर बोलायला हमालांच्या संघटनेचा माणूस कशाला, असे तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. माझ्याही आले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीवर बसून झाले, आणि उरलेले दवाखान्यांच्या बाकांवर. तीस वर्षे जखमी गड्यांना नेता-आणता डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची भीड चेपली. त्यातले एकच प्रकरण आज सांगतो.

भुसार बाजारातला एक तरुण गडी. पावसाचे दिवस, ट्रकला लावलेली फळी ओली. पाठीवर पोते घेऊन उतरताना पाय सरकला आणि तो हनुवटीवर आपटला, वरून पोते. एका दवाखान्यात चार टाके पडले, सुई टोचली, घरी पाठवले. थोडक्यात निभावले, असे आम्हीही म्हणालो. दहा दिवसांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "अण्णा, भाकरी तुटत नाही. पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत."

मार हनुवटीला, मग दातांचे काय बिघडले? आपण सगळ्यांनी आत्ताच एक करावे. दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवून तोंड उघडझाप करा. बोटाखाली जे हलते ते खालच्या जबड्याचे टोक. हा जबडा घोड्याच्या नालेसारखा. त्याची दोन्ही टोके कवटीच्या खोबणीत बसलेली, आणि टोकांखालची मान बारीक. बांगडी एका जागी दाबली तर ती दुसरीकडेही तडकते, तसेच इथे होते. हनुवटीचा धक्का दोन्ही बाजूंनी वर जातो आणि कानापाशी हाड मोडते. दोन्हीकडे मोडले की जबडा मागून आखूड होतो, दाढा आधी टेकतात आणि पुढे फट राहते. आमच्या गड्याचे नेमके तेच झाले होते. टाके घालणाऱ्यांनी त्याला एकदा दात मिटायला सांगितले असते तर त्याच दिवशी कळले असते.

दुसऱ्या रुग्णालयात त्याच्या चेहऱ्याचे सीटी स्कॅन झाले. हनुवटीतही तडा निघाला. तिथल्या शल्यचिकित्सकांनी मला समजावले, की हाड बसवताना खरी मोजपट्टी दात. आधी वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळवायचे, तारेने बांधायचे, मग हाड आपोआप जागेवर येते. ही युक्ती फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या ग्रंथांतही जबडा मोडल्यास शेजारचे दात सोन्याच्या तारेने बांधावेत असे सांगितले आहे. पूर्वी हाड सांधेपर्यंत काही आठवडे तोंड बांधूनच ठेवीत. आता टिटॅनियमच्या लहान पट्ट्या स्क्रूने बसवतात, पुष्कळदा तोंडाच्या आतूनच, म्हणजे चेहऱ्यावर वण राहत नाही. वरच्या जबड्याचे गणित निराळे. फ्रान्सच्या रने ल फोर यांनी मृतांच्या डोक्यांवर आघात करून पाहिले आणि मधला चेहरा ठरावीक तीन रेषांत मोडतो हे १९०१ साली मांडले. शल्यचिकित्सक आजही तीच नावे वापरतात.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत पुण्याचेही नाव आहे बरे का! कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकीत होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ एका वीटकामाच्या जातीतल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक केले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली, आणि पुढे तिकडचे शल्यचिकित्सक ती पद्धत शिकले. गाडीवान आमच्याच बिरादरीतला, म्हणून हा विषय काढला.

असा मार यार्डातच बसतो असे नाही. दुचाकीवरून पडणे हे आज मोठे कारण. शिरस्त्राणाचे कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे, पण अर्धे शिरस्त्राण डोके झाकते, हनुवटी उघडीच. मारामारीतले ठोसे आहेतच. लहान मूल पायरीवरून हनुवटीवर पडले तर टाक्यांवर थांबू नका. कानापाशी मोडलेले हाड दुर्लक्षिले तर सांधा जखडू शकतो. मग तोंड उघडत नाही आणि हनुवटीची वाढ खुंटते. जखमी माणूस शुद्धीवर असेल, मानेला इजा नसेल, तर त्याला पुढे वाकवून बसवावे. उताणा निजवला तर मोडलेल्या जबड्याबरोबर जीभ मागे पडून श्वास कोंडतो. खालचा ओठ बधिर झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. तिथली नस हाडातूनच जाते.

आमच्या गड्याच्या हनुवटीत पट्टी बसली, एका कानापाशीही बसली. काही आठवडे दातांना रबरी बंध होते. पेज, ताक, आमटीचे पाणी. पोती उचलणारा माणूस पाण्यावर! पुढे दातांमध्ये लाकडी पट्ट्या घालून, दर थोड्या दिवसांनी एक वाढवीत, तो तोंड उघडायला शिकला.

नुकसानभरपाईचे भांडण मात्र लांबले. पहिल्या कागदावर 'हनुवटीस जखम' एवढेच लिहिलेले होते, तेव्हा जबडा कामावर मोडला हे कशावरून, असे विचारले गेले. तेव्हापासून आमचा माणूस जखमीबरोबर जातो, डॉक्टरांपुढे दात मिटायला लावतो आणि जे दिसेल ते कागदावर लिहून घेतो. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकून घ्यायला आणखी दोन बैठका लागल्या.