लोटगाडीवरची कॉफी

नंदुरबारात एखाद्या शिकलेल्या तरुणाने कॉफीची लोटगाडी घालावयाचे मनात आणले, की त्याला दोन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पहिला प्रश्न घरात निघतो : शिकूनसवरून शेवटी गाडी लोटणार का? दुसरा प्रश्न गाडी रस्त्यावर आली, की पहिलेच गिऱ्हाईक विचारते : चहा नाही का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार महिने हातात पैसा खेळू लागला म्हणजे आपोआप मिळते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. तो रोज पुन्हा विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर धंद्याचे जगणे-मरणे अवलंबून असते.

खानदेश हा चहाचा मुलूख. परंतु चहा काही या मातीतून उगवलेला नव्हे. १९०३ साली परदेशी जाणाऱ्या चहावर कर बसवून चहाच्या प्रसारासाठी निधी उभारण्यात आला. पुढे त्या निधीतून रेल्वेची स्थानके, गिरण्या, बाजारपेठा येथे चहाची दुकाने मांडून, प्रसंगी फुकट पेले वाटून, लोकांच्या जिभेला ही चटक लावण्यात आली. म्हणजे आज जी सवय पिढीजात वाटते, ती मुद्दाम पैसा खर्चून घडवलेली आहे. कॉफीच्या बाबतीतही तसा प्रयत्न झाला. १९३५ साली कॉफीसाठी करनिधीची समिती स्थापन झाली, १९३६ साली मुंबईस चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस निघाले, १९४२ साली कॉफीचा स्वतंत्र कायदाच झाला. पण कॉफी गेली ती खुर्च्या-टेबलांकडे, पागोटे घातलेल्या वाढप्यांकडे, वर्तमानपत्रे चाळणाऱ्या मंडळींकडे. पुढे ती गृहे बंद पडू लागली, तेव्हा नोकरांनी सहकारी संस्था काढून ती सावरली. त्यांतील पहिली १९५७ साली बंगळुरास उभी राहिली. या सर्व खटाटोपात कॉफी रस्त्यावर उतरली नाही, निदान तापीकाठी तरी नाही.

तरीही नंदुरबारच्या गिऱ्हाइकाला कॉफी अपरिचित आहे असे समजणे ही मोठी चूक होईल. मराठी घरात कॉफी पाहुण्यासाठी होते. दूध भरपूर, साखर सढळ, वर जायफळ किंवा वेलदोडा. लग्नात तर जेवणाच्या मांडवाशेजारी फुसफुस वाफ सोडणारे एक यंत्र उभे असते. त्यातून फेसाळ दूध-कॉफी निघते, वरून तपकिरी पूड भुरभुरली जाते, आणि तिला सर्वजण ‘एस्प्रेसो’ म्हणतात. मिलानच्या लुईजी बेझेरा याने १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ज्यातून पुढे हवेच्या नऊपट दाबाने अर्क काढण्याची रीत निघाली, त्या एस्प्रेसोशी मांडवातल्या कॉफीचे नाते नावापुरतेच. परंतु लोकांची आवड तीतूनच कळते. कॉफी म्हणजे मेजवानी, कॉफी म्हणजे कौतुक, कॉफी म्हणजे गोड आणि दाट. लोटगाडीवाल्याने प्रारंभ येथून करावा. बिनदुधाची कडू कॉफी पाजून लोकांची अभिरुची सुधारण्याचा उद्योग ज्याच्या खिशात एक वर्षाचा घरखर्च शिल्लक आहे त्याने करावा.

आता हिशेब. दूध ६० रुपये लिटर, कॉफीची पूड ५०० रुपये किलो, साखर ४५ रुपये किलो असे भाव धरून चालू. शंभर मिलिलिटरच्या पेल्यास ७५ मिलिलिटर दूध लागते, त्याचे साडेचार रुपये. आठ ग्रॅम पूड, चार रुपये. साखर, कागदी पेला, गॅस मिळून आणखी दीड-पावणेदोन रुपये. म्हणजे पेला तयार होईतो दहा रुपये संपले. चहाचे पाहावे, तर तीन ग्रॅम पत्ती, ४० मिलिलिटर दूध आणि बाकीचा खर्च तोच. सारे मिळून सव्वापाचाच्या आसपास. चहावाला दहा रुपयांस पेला विकून पावणेपाच रुपये मिळवतो. कॉफीवाल्यास तेवढेच मिळवायचे, तर पेला पंधरा रुपयांस विकावा लागेल. भाव गावोगाव बदलतील, पण हे प्रमाण फारसे बदलत नाही. सारा धंदा या वरच्या पाच रुपयांचा आहे. ते पाच रुपये गिऱ्हाइकाने आनंदाने, आणि उद्याही, का द्यावेत, याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्यानेच गाडीला चाके लावावीत.

पुष्कळ जण हे उत्तर यंत्रात शोधतात, आणि फसतात ते येथेच. चकचकीत यंत्र पाहिले की गिऱ्हाईक ओढले जाईल अशी कल्पना असते. पहिल्या आठवड्यात ते ओढलेही जाते. पण असे यंत्र दीड लाखाचे धरले आणि पेल्यामागे पाच रुपये सुटले, तर नुसत्या यंत्राची किंमत निघायला ३०,००० पेले विकावे लागतात. रोजचे शंभर पेले म्हणजे तीनशे दिवस. आणि त्या तीनशे दिवसांत घरी एक दमडी न्यायची नाही! शिवाय दुकानातले विजेचे यंत्र दोन-तीन किलोवॅट खाते. रस्त्यावर ती वीज कोण देणार? बॅटरीवर दळण्याची लहान चक्की चालेल, पाणी उकळणे चालणार नाही. गॅसवर तापणारे आणि हाताच्या दांड्याने दाब देणारे यंत्र असते, ते याहून बरे. पण बिघडले तर त्याचा जाणता दुरुस्त करणारा जवळपास असेलच असे नाही.

याहून शहाणपणाची रीत दक्षिणेत घरोघर आहे. पितळेचे किंवा पोलादाचे दुमजली फिल्टर घ्यावे. वरच्या भांड्याला बारीक भोके; त्यात पूड हलकेच दाबून बसवावी, वर उकळून क्षणभर निवालेले पाणी ओतावे, आणि झाकण ठेवून स्वस्थ राहावे. अर्ध्या तासात खालच्या भांड्यात काळाभोर अर्क ठिबकून जमतो. पुडीच्या पाचपट पाणी घातले, तर साधारण तिप्पट अर्क हाती येतो, बाकीचे पाणी पूडच पिऊन टाकते. हा अर्क पहाटे घरी काढून उष्णता धरणाऱ्या बाटलीत भरला, की गाडीवर फक्त दूध तापवायचे उरते. पेल्यात पावभाग अर्क, वर पाऊणभाग दूध, दोन पेल्यांत उंचावरून एकदा ओतले, की फेस आलाच. अर्ध्या मिनिटात पेला हातात. ओतण्याची ही धार पाहायला लोक थांबतात. यंत्राची वाफ जे काम करते ते ही धार फुकट करते. चिमूटभर जायफळ किसून घालणाऱ्यास तर दुसरी जाहिरात नकोच.

दूध तापवण्यासाठी तोटीचा पितळी बंब शोभून दिसतो. आतून कल्हई मात्र वेळच्या वेळी करून घ्यावी. दूध तापवण्यास गॅस थोडका लागतो, तासन् तास तापते ठेवण्यास फार लागतो, आणि दूध आटून चव पालटते. म्हणून लहान पातेल्यात दोन-दोन लिटर तापवणे परवडते. गाडीला सायकलीची मोठी चाके असावीत, लहान चाके खड्ड्यात रुततात. फळीवर पोलादी पत्रा मारावा, कडेला चार बोटे उंच काठ ठेवावा, आणि वाऱ्याच्या बाजूने शेगडीला आडोसा करावा. शंभर पेल्यांच्या दिवसाला साडेसात लिटर दूध, ८०० ग्रॅम पूड, जवळपास तितकीच साखर, आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन पुरतात. त्यांतले एक कॅन केवळ धुण्याचे. सिलिंडर धंद्याचाच घ्यावा, पाच किलोचाही मिळतो, घरगुती १४.२ किलोचा गाडीवर लावणे कायद्याविरुद्ध आहे. असा सारा सरंजाम पंचवीस हजारांत बसला असे धरले, तर ५,००० पेल्यांत, म्हणजे पन्नास दिवसांत तो फिटतो. तीनशे आणि पन्नास यांत जे अंतर आहे, तेच कर्ज पेलणाऱ्या आणि कर्जाखाली दबणाऱ्या माणसांत असते.

पुडीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांतच उडतो. म्हणून महिन्याची पूड एकदम न भरता आठवड्याची मागवावी. चिकोरी, म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ, हे शेजारच्या गुजरातेत पिकते. ते मिसळल्याने अर्क दाट होतो, रंग गडद येतो आणि खर्च उतरतो. दुधाच्या कॉफीला थोडी चिकोरी शोभते हे दक्षिणेतले लोकही मान्य करतात. परंतु विक्रीच्या मिश्रणात निम्म्याहून अधिक, किमान ५१ टक्के, कॉफी असलीच पाहिजे आणि प्रमाण पुड्यावर छापलेच पाहिजे असा नियम आहे. हा मोह जुना आहे. लंडनच्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॉफीचे गाडे उभे राहात, खाली कोळशाची शेगडी आणि वर पत्र्याचे डबे. हेन्री मेह्यू याने त्या विक्रेत्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. तीत चिकोरी आहे, आणि भाजलेली गाजरेही आहेत! नंदुरबारकर गिऱ्हाइकाला तितके भोळे समजू नये.

गाडी कोठे उभी करावी? येथे नंदुरबारचे वेगळेपण उपयोगी पडते. हिवाळ्यात मिरचीचा हंगाम चालतो. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, आणि बाजार समितीत पहाटेपासून वाहनांची रांग लागते. थंडीत कुडकुडत बसलेल्या व्यापाऱ्यास व वाहनचालकास पंधरा रुपयांची गरम कॉफी जड वाटत नाही. त्याच पथाऱ्यांवर राबणाऱ्या मजूर बायांना मात्र ती जड वाटेल. त्यांच्यासाठी लहान पेला वेगळ्या दराने ठेवणारा विक्रेता धंदाही जाणतो आणि माणूसही. मार्गशीर्षी पौर्णिमेस दत्तजयंतीला शहादे तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजाराला दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात, रात्री गारठा असतो, आणि पुष्कळांची रात्र उघड्यावर जाते. वर्षभरात इतके अनुकूल दिवस दुसरे नाहीत. पण यात्रेत दुधाची ओढ पडणारच. दूधवाल्याशी आगाऊ ठरवल्याशिवाय तेथे जाणे म्हणजे नांगराविना शेतात जाणे. तोरणमाळच्या वाटेवर सुट्टीच्या दिवसांत गिऱ्हाईक मिळेल, एरवी वाट पाहावी लागेल.

रेल्वेचे स्थानक डोळ्यांत भरते, पण तेथे सावध राहावे. परवान्यावाचून रेल्वेच्या आवारात फेरी करणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमाने मना आहे. नवापूरच्या स्थानकात एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, म्हणून प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात. कॉफीवाल्यास मात्र बाकाच्या दोन्ही अर्धांवर तोच कायदा!

आवाराबाहेरच्या रस्त्यासाठी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. तो अजून घरोघर माहीत नाही, आणि विक्रेत्यालाच माहीत नसला तर त्याचा उपयोग शून्य. या कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमावयाची असते आणि तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. सर्वेक्षणात नाव आले की विक्रीचे प्रमाणपत्र मिळते. एका जागी बसणाऱ्याचे वेगळे आणि फिरत्याचे वेगळे. लोटगाडीवाल्याने अर्जात ‘फिरता’ हा शब्द नीट पाहून घ्यावा. प्रमाणपत्रधारकास जागेवरून हटवायचे झाल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. सकाळी गाडी लावली आणि दुपारी ती उचलून नेली, या भयाखाली जगणाऱ्या माणसाला हे तीस दिवस म्हणजे काय, ते पगारी माणसास सहज कळणार नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. तिचा क्रमांक गाडीवर दिसेल असा लावावा. भांडवलासाठी २०२० साली निघालेली प्रधानमंत्री स्वनिधी योजना आहे. ऑगस्ट २०२५ मधील फेररचनेप्रमाणे तीत पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, ते वेळेवर फेडल्यास दुसरे २५,००० आणि नंतर तिसरे ५०,००० पर्यंत मिळू शकते. पहिल्या कर्जात घरची थोडी भर घातली की बंब, फिल्टर आणि गाडी बसतात. दीड लाखाचे यंत्र बसत नाही. कर्जाचा हा आकडाच जणू योग्य सल्ला देऊन जातो.

उरतो उन्हाळा. चैत्र-वैशाखात नंदुरबारचा पारा चाळिशीच्या वर चढला म्हणजे गरम कॉफीचे नाव कोण घेईल? संध्याकाळी सातनंतर थोडे गिऱ्हाईक येते, तेवढेच. या दिवसांत तोच अर्क थंड दुधात घोटून देता येतो, आणि पेल्यामागे सुटणारा पैसाही थोडा वाढतो. फक्त बर्फ पारखून घ्यावा लागतो. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तेव्हा निळा बर्फ स्वस्त मिळाला तरी हात लावू नये. फार तर सकाळी घरच्याच पाण्याचा बर्फ करून लाकडी भुशाच्या पेटीत न्यावा. मृगाचा पाऊस लागला की पुन्हा गरम पेल्याचे दिवस येतात. त्याआधी गाडीच्या चाकांत वंगण घालून, छत्रीचे कापड बदलून आणि बंबाला नवी कल्हई करून ठेवावी; कल्हईवाला पावसाळ्यात भेटेलच असे नाही.