भाड्याची खोली आणि कचऱ्याचा डबा



आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत. भाडे आम्ही घेतो, तेव्हा झाकणाचे डबेही आम्हीच ठेवावेत, असे माझे मत आहे. ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. मात्र कचरा वेगळा करण्याचे काम २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ज्याच्या घरी तो होतो त्याच्यावरच टाकले. म्हणून नवे बिऱ्हाड आले की किल्ली देतानाच मी सांगते, फुटकी काच, दाढीची पाती, इंजेक्शनची सुई जाड कागदात गुंडाळून निराळी द्या. घंटागाडीवरच्या बाईला आपला कचरा हाताने निवडावा लागतो. तिचा हात कापला, तर आठ दिवस चूल तिची थंडावते, आपली नव्हे. घरमालकिणींनी एवढे मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.